मालतीताईंनी लिहिलेल्या अक्का

जळगावात असताना मी चार वर्षं मालतीताई होतो. 'गृहसौरभ' नावाचं बायकांचं मासिक आमच्या छापखान्यातून निघायचं आणि त्यातलं 'मालतीताईंचं हितगुज' हे सदर मी लिहायचो. वय चोवीस, लग्न झालेलं नाही, दोन्ही वेळा खानावळीत जेवण, आणि मी खानदेशभरच्या सासुरवाशिणींना सांगायचो की नवरा कामावरून दमून आला की आपला चेहरा कसा ठेवावा. मालतीताईंचं वय मी मनाशी पंचेचाळीस धरलं होतं. त्यांना दोन मुलगे होते, एक समजूतदार सून होती आणि आयुष्यात त्यांना कधी राग आला नव्हता. हे सगळं मी चारचौघांत हसत सांगतो. अक्कांचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं थोडंच आहे आणि उरलेलं माझ्याविरुद्ध जातं.

अक्का म्हणजे द्वारकाबाई, आमच्या छापखान्यातल्या जुळारी. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, घरं पाडलेल्या लाकडी केसमधून उचलून हातातल्या स्टिकमध्ये शब्द, ओळ आणि शेवटी पान जुळवायचं, हे जुळाऱ्याचं काम. ते पुरुषांचं काम समजत. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती तरी बाई जुळारी अख्ख्या पूर्व खानदेशात दुसरी कुणी माझ्या ऐकिवात नव्हती. लग्नपत्रिका छापायला आलेली माणसं काम सांगून झालं तरी दारात रेंगाळायची आणि अक्कांकडे बघत राहायची. अक्कांना त्याचं काही नसे. उंच, हाडापेरानं दणकट बाई. लुगड्याचा कासोटा खोचलेला, गालात सुपारीचं खांड, उजव्या हाताची दोन बोटं शिशानं कायमची काळी. हात केसवर फिरत असताना त्या हाताकडे कधी बघत नसत. नजर समोरच्या हस्तलिखित कॉपीवर, आणि हात आपला आपण जाऊन अक्षर घेऊन येई.

शिशातली उलटी अक्षरं त्या सरळ वाचल्यासारखी वाचत. कागदावर काढलेलं प्रूफ त्यांना उलट अवघड जायचं. "कागदावर फार लवकर पुढं जायला होतं, भाऊ," म्हणायच्या. मला त्या भाऊ म्हणत. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या असल्या तरी 'अहो-जाहो'च करत, कारण मी लिहिणारा आणि त्या जुळवणाऱ्या. छापखान्यात त्यांची भाषा आमच्यासारखी शहरी होती. माहेर पारोळ्याकडचं, त्यामुळे जीव लागला किंवा डोकं फिरलं की मात्र अहिराणी सुरू व्हायची. दुपारी आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुऊन कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर सोडायच्या, आणि खानावळीच्या पोळ्या खाऊन माझी काय दशा झाली आहे हे सगळ्यांसमोर बोलून दाखवत अर्धी माझ्यापुढे ठेवायच्या.

कागदोपत्री आमचा फोरमन विश्वासराव नावाचा माणूस होता. तो छापखान्याचे मालक नाना यांचा मेहुणा. त्याला वर्तमानपत्र वाचायला आवडायचं. कोणतं काम कुणाला द्यायचं, जुळवलेल्या पानांचा कोणता फर्मा आधी मशीनवर चढवायचा, कुणाला झापायचं आणि कुणाला आज लवकर घरी सोडायचं, हे सगळं अक्का बघत. चार पुरुष जुळारी त्यांच्या हाताखाली होते आणि ते त्यांना घाबरत. फोरमन म्हणून हाक मात्र विश्वासरावाला मारली जायची. अक्का त्यावर कधी काही बोलल्या नाहीत, म्हणून मला वाटायचं की त्यांना त्याचं काही वाटत नाही.

त्यांचा एक कायदा होता. कॉपीला हात लावायचा नाही. लिहिणाऱ्यानं जे लिहिलं ते जुळवायचं. शंका आली तर जाऊन विचारायचं, तेही एकदाच. "दुसऱ्यांदा विचारलं की ते भांडण होतं," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. एकदा अमळनेरहून एक नवा जुळारी आला. त्या मोसमात सगळी लग्नं गोरज मुहूर्तावर लागत होती. एका पत्रिकेच्या कॉपीत 'सकाळी' असं होतं. त्या शहाण्याला वाटलं, लिहिणारा चुकला. त्यानं न विचारता 'सायंकाळी' करून टाकलं. लग्न खरंच सकाळचं होतं. संध्याकाळी अर्ध्या गावाची वऱ्हाडी मंडळी नटूनथटून पोचली तेव्हा मांडवाचे बांबू सोडणं चाललं होतं.

मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी छापखान्यात येऊन नाचला. नवा जुळारी मशीनमागं जाऊन उभा राहिला. विश्वासरावानं वर्तमानपत्र वर धरलं. अक्का पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "पान मी तपासलं. चूक माझी." तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी त्या माणसाच्या घरी गेल्या, मुलीच्या आईपुढे उभ्या राहून पुन्हा तेच बोलल्या, आणि तिथून ज्यांना उलटी वेळ गेली होती त्यातल्या गावातल्या आठ-दहा घरीही जाऊन आल्या. त्या नव्या माणसाला नंतर काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण तो महिनाभर मान खाली घालून काम करत होता.

आता तबकांचं सांगतो. मासिकात काही शब्द इतक्या वेळा यायचे की ते दर वेळी नव्यानं जुळवणं अक्कांना मूर्खपणाचं वाटे. छापून झालं की असे शब्द मोडून खिळे परत केसमध्ये टाकण्याऐवजी त्या ते तसेच दोऱ्यानं बांधून ठेवत. त्यांच्याकडे पत्र्याची दोन तबकं होती. एकात मालतीताईंचे शब्द: नाजूक, लाजरी, सोशिक, पतिराज, गृहलक्ष्मी, 'डोळ्यांत टचकन पाणी आले'. दुसऱ्यात 'उद्योगी पुरुष' या सदराचे, तेही मीच लिहायचो: कर्तबगार, धडाडीचे, करारी, 'परिस्थितीशी झुंज देऊन'. पहिल्याला त्या बायांचं तबक म्हणत, दुसऱ्याला बाप्यांचं. सगळा छापखाना तसंच म्हणायचा. मला त्यात आपल्या लेखणीचा गौरव वाटायचा. इतके शब्द तयार ठेवावे लागतात म्हणजे आपण केवढं लिहितो!

एका दुपारी मी एका डाळमिलच्या शेठजींवरचा लेख दिला. थोड्या वेळानं अक्कांनी मला केसपाशी बोलावलं. स्टिकमध्ये एक ओळ जुळवलेली होती. मला उलटं वाचता येईना, म्हणून त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवली. "शेठजी स्वभावानं लाजरे, वर्णानं केतकी, आणि मृदू बोलून सर्वांची मनं जिंकणारे आहेत." चारही जुळारी खो खो हसले. विश्वासरावसुद्धा वर्तमानपत्राआड हसला. मीही हसलो. अक्का हसल्या नाहीत. "बायांच्या तबकातले घेतले," म्हणाल्या. "दोघांचे बाप लहानपणीच गेले. मागच्या अंकातल्या त्या मास्तरीणबाईंचा आणि या शेठजींचा. बाईंनी दुःख गिळलं आणि शेठजींनी झुंज दिली. काबर, भाऊ?"

मी काहीतरी उत्तर दिलं. बायकांचा स्वभावच तसा असतो, वाचकांना तसं आवडतं, असलंच काहीतरी. अक्कांनी ती ओळ मोडली, बांधलेले शब्द तबकात आणि सुटे खिळे ज्याच्या त्याच्या घरात टाकले आणि माझी मूळ कॉपी घेऊन लेख जसा होता तसा जुळवला. मला त्या दिवशी जे शिकता आलं असतं ते मी शिकलो नाही, नुसता विनोद म्हणून चार ठिकाणी सांगत सुटलो.

असंच एकदा सावद्याहून एका मुलीचं पत्र आलं होतं. तिनं मालतीताईंना विचारलं होतं की माझे हात फार रखरखीत आहेत, तुम्ही लिहिता तसे कमळासारखे कसे करू. मी साय, बेसन आणि लिंबाचा रस सांगितला, वर 'स्त्रीच्या हातांतच तिचं शील दिसतं' असं एक वाक्य ठोकून दिलं. जुळवून झाल्यावर अक्का ते पत्रच माझ्या टेबलावर घेऊन आल्या. पत्राच्या खाली त्या मुलीनं लिहिलं होतं की बाग आमचीच आहे आणि मी भावांच्या बरोबरीनं केळीचे घड वाहते. "ते तुम्ही वाचलं नाही का?" अक्कांनी विचारलं. मी वाचलं होतं. त्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी अक्कांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली आणि नानांना सांगू नका असं बजावलं. धुळ्याला आबा म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी मोठा छापखाना काढला होता. दहा जुळारी होते आणि त्यांना फोरमन हवा होता. अक्कांनी त्यांना आपल्या कामाचा नमुना पाठवला होता. शाळेच्या गणिताच्या पुस्तकातलं एक पान, वरपासून खालपर्यंत अपूर्णांकांचं. असलं पान जुळवताना भलेभले जुळारी रडकुंडीला येतात. आबांचं उत्तर आलं होतं. काम पाहून समाधान झालं, बाई असल्याची मला अडचण नाही, दिवाळीनंतर भेटायला या, असं. अक्कांची मुलगी शांता तेव्हा मॅट्रिकला होती. पुढं तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी धुळ्यालाच जायचं होतं, म्हणजे दोघींचं एकाच गावात जमत होतं. पण अक्का शांताबद्दल थोडंच बोलल्या. "भाऊ, फोरमन म्हणून," असं दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि त्यांना कशाचं काही वाटत नाही ही माझी समजूत किती चुकीची होती ते माझ्या लक्षात आलं.

नेमकं त्याच आठवड्यात नाना म्हणाले, "दिवाळी अंकात मालतीताईंनी आपल्या द्वारकाबाईंवर लिहावं. वाचणारीच्या डोळ्यांना पाणी आलं पाहिजे." मला आनंद झाला. लेख छापून आला की आबांची उरलीसुरली शंका जाईल, असा माझा हिशेब. अक्कांनाही तो पटला. दुपारच्या सुट्टीत भाकर खाताखाता त्या बोलल्या. "मनं काम लिखा, भाऊ," माझं काम लिहा, हे आधीच सांगून ठेवलं. "बाकीचं राहू द्या."

त्यांनी जे सांगितलं ते असं होतं. नवरा जुळारी, याच छापखान्यात. चाळिशीच्या आत त्याची नजर अधू झाली. अक्का मराठी चौथी शिकलेल्या. डबा घेऊन यायच्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून कॉपी वाचून दाखवायच्या. मग खिळे हातात द्यायला लागल्या. मग स्टिकच आपल्या हातात घेतली आणि त्याला खोक्यावर बसवलं. तीन वर्षं पान अक्का जुळवत आणि हजेरी नवऱ्याची लागत असे. त्याला कमीपणा वाटला नाही. उलट तो येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगे, माझ्यापेक्षा हिचा हात चालतो. तो वारला त्याच्या तेराव्यानंतर नानांनी अक्कांना बोलावणं धाडलं, कारण त्यांच्यावाचून कामं तुंबली होती. हे सांगताना अक्का एकदाच हसल्या, पहिल्यांदा हजेरीत आपलं नाव दिसलं ते सांगताना.

मी घरी आलो आणि लिहायला बसलो. शब्द शोधावे लागले नाहीत. 'पतिनिधनानंतर काळजावर दगड ठेवून त्या माउलीने थरथरत्या हातांनी पहिला खिळा उचलला. आसवांनी ओळी धूसर होत. मालकांनी पित्याच्या मायेने त्यांना आसरा दिला. आजही एखादी ओळ चुकली की ही हळवी गृहिणी पदरात तोंड लपवते.' पदरात तोंड लपवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळ चुकतानाही फारसं पाहिलं नव्हतं. नानांनी वाक्यं सांगितली नव्हती, की कुणी माझा हात धरला नव्हता. खरं सांगतो, लिहिताना मला भरून आलं होतं. मी त्यांची स्तुती करतोय अशीच माझी ठाम समजूत होती. ही समजूत आठवली की मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

लेख जुळवायला अक्कांकडेच गेला. दुसरा कोण जुळवणार? मी माझ्या टेबलावरून बघत होतो. त्यांनी कॉपी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचली. मग बायांचं तबक जवळ ओढलं. अर्धं पान झाल्यावर थांबल्या, माझ्याकडे आल्या, कागद पुढं केला आणि एका ओळीखाली काळं बोट ठेवलं. "मना हात कवय कापनात?" माझे हात कधी कापले, असं त्या विचारत होत्या.

"अक्का, ती मासिकाची भाषा आहे," मी म्हणालो. "लिहायची पद्धत असते एक. वाचणाऱ्यांना कळतं ते."

"हाई असंच ठेवानं शे का, भाऊ?"

"ठेवा," मी म्हणालो.

त्या परत गेल्या आणि राहिलेलं पान जुळवलं. एकदा विचारून झालं होतं. त्या प्रूफात मला एकही चूक सापडली नाही.

अंक गाजला. नानांनी पेढे वाटले. जामनेर, चोपडा, रावेर, कुठून कुठून पत्रं आली. 'त्या दुर्दैवी भगिनीला माझा नमस्कार सांगा' असं बहुतेकांनी लिहिलं होतं. कुणीतरी लुगडं पाठवलं. ते अक्कांनी छापखान्यात झाडूपोछा करायला यायची त्या बाईला देऊन टाकलं. मग एक दिवस त्यांनी माझ्यासमोर धुळ्याचं पत्र ठेवलं, प्रूफ ठेवावं तसं, आणि वाचून होईपर्यंत उभ्या राहिल्या.

आबांनी फार चांगल्या मनानं लिहिलं होतं. 'आपली कहाणी आमच्या घरी सर्वांनी वाचली. मंडळींना रडू आवरेना. दहा पुरुषांवर देखरेख करणे, प्रसंगी त्यांना रागे भरणे, हे आपल्यासारख्या हळव्या स्त्रीवर लादणे मला पाप वाटते. छापील कागद दुमडण्याच्या घडीखात्यात बसून करण्याजोगे काम आहे. तेथे सर्व बायकाच आहेत. आपण केव्हाही यावे.'

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माणूस चांगला शे," त्या म्हणाल्या. "त्याले मी नही दिसनी, भाऊ. तुमनी बाई दिसनी." आणि पत्राची घडी घालून कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीनं धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मी बोलायच्या वाक्यांची जुळवाजुळव करत होतो. आबा साठीच्या घरातले, जाड खादीतले, मोकळे गृहस्थ निघाले. मी मासिकात काम करतो असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, "मालतीताई बऱ्या आहेत ना?" मी बऱ्या आहेत म्हणालो. मग आबांना सांगितलं की द्वारकाबाई कणखर आहेत, चार जुळारी त्यांना चळाचळा कापतात, आमचा छापखाना खरं तर त्याच चालवतात.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मालतीताईंनी तर उलट लिहिलंय," ते म्हणाले. "त्या बाईमाणूस, दुसऱ्या बाईच्या मनातलं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळत असणार. मी कुणाचं खरं धरू?"

"मालतीताईंनी जरा भाषा वापरली आहे."

"मग असं करा. त्यांच्याकडून दोन ओळी आणा. हात कापायचं, तोंड लपवायचं लिहिलं ते खरं नाही, बाई दहा माणसं सांभाळतील. बस. त्यांच्या सहीनं आणा. मी आठ दिवस जागा ठेवतो."

इतकं सोपं होतं. मालतीताई त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून चहा पीत होत्या. मी फक्त म्हणायचं होतं की आबा, कागद द्या, मीच ती. मग बैठकीत थोडं हसं झालं असतं, त्यांच्या बायकोला वाईट वाटलं असतं, कदाचित नानांपर्यंत गेलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. कदाचित गेलीही नसती. मी म्हणालो, "आणतो."

जळगावला येऊन मी कागद पुढं घेतला. मालतीताईंच्या सहीच्या वर काय लिहायचं? 'द्वारकाबाई अत्यंत सोशिक' असं झालं, ते खोडलं. 'कर्तबगार' लिहिलं. ते बाईच्या नावापुढे मला इतकं विचित्र दिसलं की तेही खोडलं. पण शब्द सापडले नाहीत हे नुसतं निमित्त. मी घाबरलो होतो. दिवाळी अंकात आपण खोटं लिहिलं असं स्वतःच्या हातानं लिहून देणं मला झेपेना. रोज ठरवायचो, उद्या. आठ दिवस तसेच गेले आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

मी धुळ्याला कशाला गेलो होतो ते अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी नवव्या दिवशी विचारलं. "काय म्हणाले आबा?"

"जागा भरली म्हणाले," मी सांगितलं.

"बरं," अक्का म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये शांताला ट्रेनिंगला प्रवेश मिळाला आणि अक्का नोकरी सोडून धुळ्याला गेल्या, आबांच्या घडीखात्यात. जाताना नानांच्या पाया पडल्या, जुळाऱ्यांना एकेकाला काही काही सांगितलं, आणि माझ्यासाठी कळण्याचं पीठ बांधून आणलं होतं ते दिलं. खानावळवाल्याला भाजायला सांगा म्हणाल्या. मी ते पीठ न खाता तसंच ठेवलं आणि त्याला कीड लागली.

वर्षभरानं मी मासिक सोडलं. त्यानंतर मालतीताई कोण झालं ते मला ठाऊक नाही, सदर चालूच राहिलं. मी एरंडोलला शाळेत लागलो. तिथं दोन वर्षांनी शाळेचा वार्षिक अंक छापून आणायचं काम माझ्याकडे आलं. धुळ्याला तीन-चार छापखाने होते. मी आबांच्याच छापखान्यात का गेलो, ते मला नीट सांगता येणार नाही.

फोरमन पंचविशीतला तरुण होता. प्रूफं इतकी स्वच्छ होती की मी त्याचं कौतुक केलं. तो भोळेपणानं म्हणाला, "अवघड पान आलं की मी घडीखात्यातल्या अक्कांकडे नेतो. त्या बघून देतात."

घडीखातं मागच्या पडवीत होतं. सहा-सात बाया जमिनीवर बसून छापील फर्मे दुमडत होत्या, पट्टीनं दाबत होत्या. अक्का भिंतीकडेच्या रांगेत होत्या. केस पिकले होते. बोटांवरचं काळं गेलं होतं, आणि हात इतके स्वच्छ होते की मला ते परक्या बाईचे वाटले. मला बघून त्या मनापासून हसल्या. "या भाऊ. लग्न झालं का? तब्येत सुधारेल दिसस." शांता शिरपूरला शाळेत लागली होती, ते सांगितलं. मग शेजारणींना म्हणाल्या, "हे आमच्या जळगावच्या मासिकातले. लिहायचे."

एक पोरगी, असेल अठराएक वर्षांची, एकदम सरसावून बसली. "ज्याच्यात तुमच्यावर आलं होतं तेच, अक्का? आम्ही बठ्ठ्यांनी वाचलंय ते. आबांनी इथं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, तुम्ही यायच्या आधी." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या मालतीताईंनी लिहिलेलं खरं शे ना हो ते बठ्ठं?"

अक्कांचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. नजरेत राग नव्हता. त्या खरोखरच वाट बघत होत्या. सहीच्या दोन ओळींचं आबांनी त्यांना केव्हाच सांगितलं असणार, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणजे मी 'जागा भरली' म्हणालो ते खोटं होतं, हेही त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. आणि तरीही त्या वाट बघत होत्या. पडवीत आबा नव्हते, नाना नव्हते. माझी नोकरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या धंद्यात होती. एक 'नाही' म्हटलं असतं तर माझं काहीही गेलं नसतं.

"बरंचसं," मी म्हणालो.

अक्कांनी मान हलवली आणि नजर काढून घेतली. "खरं शे, पोरी," त्या मुलीला म्हणाल्या. "छापेल शे ना." मग समोरचा फर्मा ओढून घेतला, कडेला कड जुळवली, पट्टीनं घडी दाबली आणि तो शेजारच्या गठ्ठ्यावर ठेवून पुढचा घेतला.